केअर सर्टिफिकेट घाईने उरकू नका

इंग्लंडमध्ये प्रौढांच्या काळजीसेवेत रुजू होताना, २०१५ पासून तिथे रूढ असलेले केअर सर्टिफिकेट, म्हणजे नव्या काळजीसेवकांचे पायाभूत प्रशिक्षण, केवळ ऑनलाइन प्रश्नोत्तरांवर उरकू नका. अर्धांगवायू झालेल्या आजोबांना सदरा घालताना दुबळा हात आधी बाहीत घालायचा आणि काढताना तो शेवटी सोडवायचा, हे वाचून कळते. पण हाताला वळण लागते ते अनुभवी सहकाऱ्याच्या देखरेखीखालीच, म्हणून प्रत्यक्ष काम पाहूनच मूल्यमापन व्हावे, असा आग्रह धरा. २००५ च्या मानसिक क्षमता कायद्याचा भाग मात्र दोनदा वाचा, कारण आपल्याकडे वडीलधाऱ्यांचे निर्णय अनेकदा घरचेच घेतात, तर तिथे उलट सिद्ध होईपर्यंत ती व्यक्ती निर्णयक्षम आहे, असेच गृहीत धरावे लागते. आजोबांनी आंघोळ नाकारली, तर समजावून पाहा, नकाराची नोंद करा आणि वरिष्ठांना कळवा.