परतीचा पाऊस घाटाकडून येतो

या महिन्यात उत्तर द्यायला तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्यानेच बहुतेक पान खाल्लंय, बाकीच्या दोघांनी रागावू नये.

प्रश्न : यंदा २ ऑक्टोबर शुक्रवारी आल्यामुळे तीन दिवस जोडून सुट्टी मिळते आहे. मी, मिस्टर, नऊ वर्षांची मुलगी आणि ७१ वर्षांच्या सासूबाई असे आम्ही गाडीने रत्नागिरीला जायचं म्हणतोय. पण ज्याला सांगावं तो म्हणतो, ‘ऑक्टोबरात कोकणात कसले जाता? पाऊस असतो, घाटात धुकं असतं, त्यापेक्षा महाबळेश्वर बरं.’ सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि तो पक्षपंधरवडा आहे हा त्यांचा वेगळाच मुद्दा. मिस्टरांनी गणपतीपुळे, मालगुंड, जयगड, पावस, पूर्णगड अशी यादी केली आहे. जावं का? आणि एवढं सगळं तीन दिवसांत होईल का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, जा. यादी मात्र मिस्टरांच्या खिशातच राहू दे.

माझं माहेर रत्नागिरीचं आणि सासर सांगलीच्या गावभागातलं. त्यामुळे तुमच्या ओळखीच्या लोकांची धास्ती मला आतून माहीत आहे. आपल्याकडे पाऊस म्हटलं की कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखालची पातळी डोळ्यांसमोर येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती, तेव्हा आम्ही माळ्यावर चढवलेली धान्याची पिंपं अजून खाली आणलेली नाहीत. आणि ऑक्टोबरात ढग आले की तासगावकडचा द्राक्षवाला छाटणी झालेल्या बागेत दावण्या रोगाच्या भीतीने रात्र काढतो. म्हणजे सांगलीकराला पाऊस हा एक तर पूर, नाहीतर नुकसान. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि माणसं छत्री काखेत मारून मासळी आणायला जातात.

शिवाय ऑक्टोबरचा पाऊस जुलैसारखा नसतो. आमचे वडील म्हणायचे, ‘पावसाळ्यातला समुद्राकडून येतो, परतीचा घाटाकडून येतो.’ एवढं लक्षात ठेवलंत तर तीन दिवस आपोआप मार्गी लागतात. सकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ असतं. दुपारी एकच्या सुमाराला अंगाला चिकटणारा उकाडा सुरू होतो. तीन-साडेतीनला पूर्वेला बघा, समुद्राकडे बघून काही कळणार नाही. सह्याद्रीच्या बाजूने काळं चढत आलं, गडगडलं, की तास-दीड तास कोसळतं. मग बऱ्याचदा ढगाच्या खालून तांबडं ऊन येतं आणि चिऱ्याच्या भिंती पेटल्यासारख्या दिसतात. रोज असंच होईल असं नाही. एखादा दिवस थेंबही पडत नाही, आणि समुद्रात कमी दाबाचा पट्टा असला तर दिवसभर झड लागते. निघायच्या आदल्या रात्री हवामान खात्याचा इशारा बघा. इशारा मोठा असेल तर बेत सरळ आठवडाभर पुढे ढकला.

म्हणून सकाळ उघड्यावर, दुपार छपराखाली आणि संध्याकाळ पुन्हा उघड्यावर. आता यादीचं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी सासरच्या सात जणांना एका भाड्याच्या जीपमधून माझं माहेर ‘दाखवायला’ नेलं होतं. दोन दिवसांत पुळे, जयगड, पावस, सगळं. परत आल्यावर सासऱ्यांना शेजाऱ्यांनी विचारलं, कोकण कसं आहे? ते म्हणाले, ‘वायपर चांगले होते.’ तेव्हापासून मी पाहुण्यांना रत्नागिरी शहराबाहेर फक्त एकदा नेते. तुम्हीही एकदाच जा. रविवारी सकाळी आरे-वारेच्या किनारी रस्त्याने गणपतीपुळे, साधारण पंचवीस किलोमीटर. मुलगी कविता शिकत असेल तर पुढे मालगुंडला केशवसुतांचं घर. बस्स.

शुक्रवारी सांगलीहून पहाटे पाचला निघा. कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, हातखंबा तिठा. घाटात धुकं असतंच, पण ते उजेडात एक असतं आणि अंधारात दुसरंच. रस्त्याच्या कामांमुळे कुठे वळवलेला, कुठे चिखलाचा रस्ता लागेल, तेव्हा पाच तास धरून चाला. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. मिस्टर रागावतील, तरी सांगा.

दुपारी पोचलात की सामान टाकून टिळक आळीत जा. लोकमान्यांचा जन्म १८५६ चा, याच गावातला. कौलारू घर, चिऱ्याच्या भिंती, आत गारवा. पाऊस आलाच तर तिथे उभं राहून पागोळ्या बघा. तुमच्या मुलीने स्लॅबच्या घरात पागोळी बघितलीच नसणार. कौलाच्या प्रत्येक पन्हळीतून एक धार, आणि खाली मातीत ओळीने पडलेली भोकं. मी लहानपणी ती भोकं मोजत बसायची. आणि सासूबाईंना एक नक्की सांगा, ओल्या चिऱ्यावर शेवाळ असतं. ते हिरवं दिसतंच असं नाही, काळं असतं आणि साबणासारखं असतं. त्यांना नवी चप्पल नको, खाली खाचा असलेली जुनी द्या. चढायला हात धरतो सगळे, उतरताना धरा.

थिबा राजवाडा शनिवारी ठेवा. २ ऑक्टोबरची सरकारी सुट्टी, उगाच दार बंद दिसायचं. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडाले घेतलं आणि त्याला आमच्या गावी आणून ठेवलं. हा राजवाडा बांधून होईपर्यंत १९१० उजाडलं आणि १९१६ मध्ये तो इथेच गेला. तीस वर्षं. लोक आत जातात, वस्तू बघतात, फोटो काढतात, बाहेर येतात. तुम्ही वरच्या मजल्यावर जाऊ देत असतील तर खाडीकडच्या बाजूला पाच मिनिटं उभ्या राहा, पाऊस पडत असताना. ज्याच्या गावाला समुद्र नव्हता, त्याला तीस पावसाळे हे बघायला लावलं होतं. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष त्याच्या समाधीवर आले होते. आमच्याकडे त्या समाधीचा रस्ता विचारलात तर निम्मे लोक आधी ‘कुठली समाधी?’ म्हणतील.

त्याच दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, रत्नदुर्ग किल्ला करा. भगवतीच्या देवळाजवळपर्यंत गाडी जाते, त्यामुळे गुडघ्यांची फार परीक्षा नाही. तीन बाजूंनी समुद्र आहे. दुपारचं गडगडायला लागलं की मात्र तिथे थांबू नका, वीज उघड्यावरच्या माणसाला ओळखत नाही. वाऱ्या-पावसाने अडकलात तर गावात पतितपावन मंदिर आहे. भागोजीशेठ कीर यांनी बांधलेलं, १९३१ चं, सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असतानाचं. जातीचा विचार न करता सगळ्यांना आत घेणारं देऊळ, त्या काळात. मुलीला झाडगावचं मत्स्यालय दाखवा, तिथला देवमाशाचा सांगाडा तिला राजवाड्यापेक्षा जास्त आवडेल, माझ्या दोन्ही मुलांना आवडला होता.

आता समुद्र. तो बंदबिंद नसतो. मासेमारीची बंदी जून-जुलैची, ऑक्टोबरात मिरकरवाड्याला बोटींची गर्दी असते. पण पाण्यात उतरायचं नाही. गणपतीपुळ्याला तर गुडघ्याच्या वर अजिबात नाही. देवळासमोरचा समुद्र शांत वाटतो आणि दरवर्षी घाटावरची पोरं घेऊन जातो. पायाखालची वाळू सरकायला लागली की मागे फिरायचं, हे मुलीला आधीच घरी शिकवा, तिथे शिकवायला वेळ मिळत नाही.

भरतीची वेळ मोबाईलवर मिळते, पण माझी आजी ती कॅलेंडरवरून सांगायची. प्रतिपदेपासून तिथी मोजा आणि पाऊणने गुणा, जो आकडा येईल तेवढ्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती, बाराला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. तुमच्या शनिवारी अष्टमीचाच सुमार आहे. अष्टमीला भांग असतो, पाणी ना फार चढत ना फार उतरत. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा मांडवीच्या धक्क्यावर लाटा अंगावर येतात. म्हणजे तुम्ही नेमक्या सौम्य दिवसांत चालला आहात. मुलीला हे गणित घाला, पाऊणचा पाढा तिला शाळेत कोणी शिकवला नसेल.

पक्षपंधरवड्याचं म्हणाल तर मी भटजी नाही. तुमच्या घरची तिथी कुठली ते बघा, ती त्या तीन दिवसांत येत असेल तर सासूबाईंना सोडून किंवा त्यांच्याविरुद्ध जाऊ नका. येत नसेल तर त्यांना सांगा, पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीला पुढच्या खेपेला फक्त त्यांच्यासाठी जाऊ. त्यांचं जेवण अडणार नाही. घावणे, कुळथाची पिठी, अळूचं फदफदं, सोलकढी. मिस्टरांना वेगळ्या टेबलावर बसवा आणि बांगड्याचं तिखलं तिरफळ घातलेलं आहे का विचारून मागवा. नसेल तर साधा तळलेला बांगडा. सुरमईची ऑर्डर देऊन बिल आल्यावर गप्प बसलेले सांगलीकर मी पुष्कळ बघितलेत.

राहण्याची जागा ठरवताना ‘सी व्ह्यू’ विचारू नका, इन्व्हर्टर विचारा. गडगडलं की वीज जाते. आणि ‘व्हरांडा आहे का?’ विचारा. मागे एका ठिकाणी आम्हाला समुद्राकडे खिडकी असलेली खोली मिळाली, पण पाऊस त्याच खिडकीतून आत यायचा, रात्रभर गादी सरकवत बसलो. कपडे वाळत नाहीत, हे तुम्हाला सांगून पटणार नाही. आपल्याकडे दोरीवर टाकलेली साडी तासात कडक होते. तिथे दोन दिवसांनी हात लावला तरी ती तुमच्याकडे ओलसर नजरेने बघते. प्रत्येकी एक जोड जास्त घ्या, बुटांत कोंबायला जुनी वर्तमानपत्रं घ्या, आणि भडंगाची पिशवी डब्यात बंद ठेवा, नाहीतर सकाळपर्यंत चिवट.

प्रश्न : मी आणि मित्र त्याच सुट्टीत साताऱ्याहून दोन बाईकवर कुंभार्ली घाटातून रत्नागिरीला जाणार आहोत. शुक्रवारी ऑफिस अर्धा दिवस आहे, दुपारी निघून रात्री पोचलं तर चालेल का?
— सातारा

उत्तर : नाही. उंब्रज, पाटण, कोयनानगरपर्यंत तुम्ही गाणी म्हणत जाल आणि घाटाच्या तोंडाशी पाचला पोचाल, म्हणजे वर सांगितलेला परतीचा पाऊस आणि तुम्ही एकाच वेळी. धुकं, ओला रस्ता, समोरून मालाचे ट्रक आणि तासाभरात अंधार. रात्र कोयनेला किंवा पाटणला काढा, सकाळी सातला घाट उतरा, चिपळूणला न्याहारी करा, दुपारच्या जेवणाला रत्नागिरी. रेनकोट जाकिटाच्या आतून नाही, वरून घालायचा. हसू नका, गेल्या वर्षी माझ्या भाच्याने आतून घातला होता.

प्रश्न : ऑक्टोबरात आंबा नसतो, मग रत्नागिरीहून आणायचं काय?
— मिरज

उत्तर : आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ. आमसूल घेताना बोटाने दाबून बघा, मऊ आणि जांभळट काळं हवं. कडक आणि तपकिरी म्हणजे जुनं. ‘हापूसचा ताजा रस’ असं ऑक्टोबरात कोणी म्हणालं तर हो हो म्हणून पुढे चालू लागा. सुके मासे घ्यायचे असतील तर डिकीत, दोन पिशव्यांत बांधून, आणि सासूबाई ज्या गाडीत असतील त्या गाडीत नाही.