समुद्र न पाहिलेल्या सोलापूरच्या मुलाला खोल समुद्रातील देवमासे आणि सील मोजण्याचे काम जमेल का? कोणती दुर्बीण घ्यावी?

जमेल. मीही सोलापूरचाच असून अरबी समुद्रातील सर्वेक्षणांत जहाजावर निरीक्षक म्हणून काम केले आहे. माझी नजर तयार झाली ती नान्नजच्या माळावर माळढोक शोधताना. उन्हात तासन्‌तास रिकामे क्षितिज न्याहाळायची सवय असेल, तर समुद्र परका वाटत नाही.

आमच्या जहाजावर किनारपट्टीवरचे एक ज्येष्ठ सहकारी होते आणि ‘घाटावरच्यांना समुद्रातले काय कळणार’ हे त्यांचे पालुपद होते. एका सकाळी मला बुटका, पसरट आणि पुढे डावीकडे कललेला फवारा दिसला. स्पर्म व्हेल या देवमाशाची नाकपुडी डोक्याच्या टोकाशी डाव्या अंगाला असल्यामुळे त्याचा फवारा असा तिरपा निघतो. जहाजाच्या दिशेपासून कोन १० अंश भरला आणि दुर्बिणीतील रेघांवरून अंतर २ किलोमीटर निघाले. ‘समोरच तर आहे, शून्य लिहा,’ असे साहेबांनी फर्मावले आणि मी साफ नकार दिला. जहाजाच्या मार्गरेषेपासून प्राण्याचे लंब अंतर किती, यावरच मोजणीच्या या पद्धतीचे सारे गणित उभे असते; येथे ते सुमारे ३५० मीटर होते. अशी अंतरे शून्य केली की आपल्या नजरेच्या टप्प्यातला पट्टा प्रत्यक्षाहून अरुंद ठरतो, तेवढेच प्राणी कमी क्षेत्रात धरले जातात आणि देवमाशांची संख्या कागदावर फुगते. यावरून आमचे जे बिनसले ते शेवटपर्यंत.

त्यातून स्पर्म व्हेलसारखे देवमासे तासभरही बुडी मारून राहतात; क्युव्हिए चोचीच्या देवमाशाची तर २२२ मिनिटांची बुडी नोंदलेली आहे. तेवढ्यात जहाज कुठल्या कुठे गेलेले असते, म्हणून मागे पाण्यात ध्वनिग्राहक ओढत नेऊन त्यांचे टकटक आवाजही टिपतात. सीलचे म्हणाल, तर ते आपल्या समुद्रात नांदतच नाहीत. जिथे आहेत तिथेही खोल पाण्यात केवळ डोके दिसते, त्यामुळे ते विणीच्या वा कात टाकण्याच्या काळात किनाऱ्यावर किंवा बर्फावर चढले की मोजणे शहाणपणाचे.

दुर्बीण ७×५० (सातपट मोठे दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची) घ्यावी. त्याहून जास्त पटीची दुर्बीण हलत्या जहाजावर हातात स्थिर धरणे अवघड. मात्र समुद्र लागतो की नाही, हे आधी एखाद्या बोटीवर तपासून पाहा, कारण सतत ओकाऱ्या काढणाऱ्याची नजर कितीही तीक्ष्ण असली तरी उपयोग नाही. शिवाय लाटांचे शेंडे पांढरे होऊ लागले की बुटके फवारे भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतात. तेव्हा तुमच्या घाटावरच्या जन्माचा विषय कोणी काढलाच, तर त्याच्या नोंदवहीतील कोनांचा रकाना तेवढा मागून घ्या आणि त्यात शून्ये किती आहेत, ती मोजा.