निष्क्रिय, सुप्त की दडलेला?

कोंबड्यांच्या मॅरेक रोगावरचं पत्रक मराठीत आणताना तुम्हाला एक वाक्य अडलंय: 'पेशीतला निष्क्रिय विषाणू पुनरुज्जीवित होतो.' हे चालेल का, असं विचारलंत.

'निष्क्रिय' खोडा. लशींच्या संदर्भात तो शब्द आधीच गुंतलाय. तिथे निष्क्रिय केलेला विषाणू म्हणजे रसायनाने कायमचा निकामी केलेला. मॅरेकचा विषाणू हर्पीस कुळातला. तो कोंबडीच्या टी-पेशीत, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका पांढऱ्या पेशीत, शिरतो आणि आपला डीएनए तिच्या गुणसूत्राच्या अगदी टोकाला, टेलोमिअरमध्ये, जोडून ठेवतो. बहुतेक जनुकं बंद, नवे विषाणू तयार होणंही बंद. पण 'मेक' नावाचं जनुक चालूच असतं आणि त्याच पेशीची पुढे कर्करोगाची गाठ होऊ शकते. याला निष्क्रिय कसं म्हणायचं?

'सुप्त' रूढ आहे, चालेल. मात्र तो 'स्वप्'वरून आलेला, म्हणजे झोपलेला. 'लेटंट' या मूळ इंग्रजी शब्दामागच्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ लपून राहणे. शाळेतल्या 'अप्रकट उष्म्या'तला (लेटंट हीट) 'अप्रकट' त्याला जास्त जवळचा. पत्रक कोंबडीपालकांसाठी असेल तर मी 'दडून बसलेला' लिहीन. 'दबा धरून' नको, त्यात शिकाऱ्याचा बेत येतो.

'पुनरुज्जीवित' व्हायला आधी मरावं लागतं. 'पुन्हा सक्रिय होतो' किंवा सरळ 'जागा होतो' म्हणा. 'ताप उलटला' यातला 'उलटणे' मला फार आवडतो, पण तो दुखण्याला लागतो, विषाणूला नाही. हा फरक खरोखर उपयोगाचा आहे. कोंबड्यांचाच दुसरा हर्पीस, श्वासनलिकेच्या रोगाचा, चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या त्रिशाखी मज्जातंतूच्या गंडिकेत, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यात, दडतो. कोंबडी पहिल्यांदा अंड्यावर आली, किंवा खुराड्यात परक्या कोंबड्या सोडल्या, की तो पुन्हा बाहेर पडू लागतो, असं प्रयोगांत दिसलंय. अशा वेळी कोंबडी वरून ठणठणीतही असू शकते. विषाणू जागा झाला, दुखणं उलटलं नाही.

जाता जाता: 'मॅरेक्स रोग' लिहू नका. मॅरेक हे हंगेरीच्या पशुवैद्याचं आडनाव. योझेफ मॅरेक यांनी १९०७मध्ये लुळ्या पडलेल्या कोंबड्यांचं वर्णन केलं. शेवटचा 'स' इंग्रजी षष्ठीचा आहे, आपल्याकडे त्यासाठी 'चा' आहेच.

तुमचं वाक्य मी असं करीन: 'पेशीत दडून बसलेला विषाणू पुन्हा जागा होतो.'