वाचक विचारतात : आपला खरा रंग कुठे बघायचा?

कोकणातून आलेल्या पत्रांपैकी रंग आणि गोरेपणाच्या क्रीमबद्दलची काही पत्रं या अंकात घेतली आहेत.

माझी मुलगी १९ वर्षांची, रत्नागिरीला कॉलेजात आहे. मैत्रिणींनी मिळून बाजारातून गोरेपणाच्या क्रीमची डबी आणली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. आता चार महिने झालेत आणि एक दिवस लावलं नाही तर चेहरा लाल होतो, आग होते, पुटकुळ्या येतात. डबीवर कंपनीचा पत्ता नाही. एकदम बंद करावं का? — एक आई, दापोली

पंधरा दिवसांत उजळला, इथेच पाल चुकचुकायला हवी होती. त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण महिना लागतो. रंगावर काम करणारं सरळमार्गी औषधसुद्धा दोन-तीन महिन्यांआधी फरक दाखवत नाही. झटपट उजळवणाऱ्या डबीत बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट असते, कधीकधी दोन्ही.

पहिली म्हणजे स्टिरॉइड : क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, लाली जाते, मुरुमांची सूज बसते आणि चेहरा नितळ दिसतो. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, गालांवर लाल रेषा उमटतात, लव वाढते. क्रीम थांबवलं की दाबून ठेवलेलं सगळं उसळून वर येतं. मुलीचं होतंय ते अगदी असंच. ही मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची असतात, हे इथे मुद्दाम सांगून ठेवतो.

दुसरी म्हणजे पारा. रंगद्रव्य तयार करणारं एन्झाइम पारा अडवतो, म्हणून रंग उतरतो. पण तो कातडीतून रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जातो. डबी उजेडात धरून नीट बघा. मलम करडट किंवा पिवळसर आहे का? घटकांत कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, अमोनिएटेड मर्क्युरी किंवा नुसतं ‘मर्क्युरिक’ लिहिलंय का? ‘सोन्याचांदीला, ॲल्युमिनियमला लागू देऊ नका’ अशी सूचना असेल तर दुसरा पुरावा शोधायची गरज नाही. पारा धातूला धरतो म्हणून ती छापतात. मात्र वेष्टनावर काहीच छापलेलं नसलं म्हणून पारा नाही, असं समजू नका. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनात नकळत राहिलेला पारासुद्धा १ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत एक भाग) जास्त चालत नाही (डोळ्यांच्या प्रसाधनांना वेगळी मर्यादा आहे). अशा चोरट्या डब्यांत तो हजारो पीपीएम सापडलेला आहे.

आता करायचं काय. घटक माहीत नसलेली डबी आजच बंद करा. नुसत्या स्टिरॉइडचं मलम असेल तर डॉक्टर ते हळूहळू उतरवतात, पण पारा असण्याची शंका असताना एक दिवसही पुढे ढकलू नये. डबी घेऊन याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. तोवर साध्या पाण्याने चेहरा धुवा, गार पाण्याची घडी दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं ठेवा आणि सुगंध नसलेलं हलकं मॉइश्चरायझर लावा. बेसन, हळद, लिंबू, कोरफड यातलं काहीही नको. दुसरं ‘सौम्य’ क्रीमही नको. लाली आणि आग काही आठवडे, कधी काही महिने राहते. याच काळात घाबरून मुली पुन्हा डबीकडे वळतात, म्हणून तिला आधीच सांगून ठेवा.

लघवीला फेस येतोय का, सकाळी डोळ्यांखाली किंवा संध्याकाळी पायांवर सूज आहे का, हे विचारा. असो वा नसो, रक्तदाब, लघवीतली प्रथिनं आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) तपासून घ्या. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या मूत्रपिंडाच्या एका विकाराच्या २२ रुग्णांची नोंद केली. त्यांतल्या १५ जणांत या विकाराशी जोडलेलं ‘नेल-१’ हे प्रथिन सापडलं आणि त्या १५पैकी १३ जण गोरेपणाची क्रीमं लावत होते. वेळेत थांबवलं तर बहुतेकांचं मूत्रपिंड सावरतं.

पाऱ्याची तपासणी सांगितली तर लघवीची करायची का, हे डॉक्टरांना विचारा. आपल्याकडे ताटात रोज मासे. माशांतला पारा वेगळ्या प्रकारचा असतो आणि तो रक्तात दिसतो, त्यामुळे रक्ताचा आकडा मासे खाणाऱ्याच्या बाबतीत दिशाभूल करू शकतो. क्रीममधला पारा लघवीत नीट कळतो.

डबी परसात जाळू नका, त्याची वाफ घरभर होते. मोरीत किंवा खाडीतही टाकू नका. गाळातले जंतू पाऱ्याचं रूप बदलतात आणि तो माशांमार्गे परत ताटात येतो. दोन प्लॅस्टिक पिशव्यांत बंद करून ती अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रारीसोबत द्या. ग्राहक हेल्पलाइन १९१५ हीसुद्धा आहे. मुलीचे टॉवेल, उशीचे अभ्रे वेगळे धुवा. घरात लहान मूल तोच टॉवेल वापरत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

सून चौथ्या महिन्यात आहे. सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळ्या ती घेत नाही. शेजारणीने सांगितलंय, ‘ती लाल गोळी खाव नको, पोर काळा होतला.’ त्याऐवजी केशर-दूध आणि ओलं खोबरं चालू आहे. — एक सासूबाई, देवगड

गोळी आजपासून सुरू करा. त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तेवढेच दिवस. गोळीने शौचाला काळं होतं, बहुधा त्यावरूनच ही समजूत निघाली असावी. बाळाच्या रंगाचा गोळीशी काडीचाही संबंध नाही. तो आईबापांकडून आलेल्या बऱ्याच जनुकांवर ठरतो. केशर आणि खोबरं आवडत असेल तर खाऊ दे, रंग बदलणार नाही.

गोळी चहासोबत घेऊ नये, मध्ये तास-दोन तास जाऊ द्यावेत. लिंबू सरबतासोबत चांगली लागू पडते. मळमळलं तर रात्री जेवणानंतर घ्यावी. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी.

बाळ आल्यावर कानाची पाळी बघून रंगाचा अंदाज बांधणारे येतीलच. त्यांना बांधू दे. फक्त डाळीचं पीठ आणि साय लावून बाळाला घासू देऊ नका. त्याची कातडी पातळ असते, ओरखड्यांतून जंतू शिरतात.

मी मासे विकते. दोन्ही गालांवर काळपट डाग आलेत. लिंबू लावून बघितलं, तर डाग वाढले. — मालवण

वर्णनावरून हे वांग दिसतं. लिंबाच्या रसातली काही द्रव्यं उन्हात कातडी भाजतात. एक-दोन दिवसांत लाली किंवा फोड येतात आणि मागे राहिलेला डाग महिनोन्‌महिने जात नाही. लिंबू माशाला लावा, गालाला नको.

वांगावर पहिला उपाय ऊन अडवणं. एसपीएफ ३० किंवा जास्तीचं, शक्यतो त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन घ्या; त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा उजेडही अडवतं आणि वांगाला तो उजेडही बाधतो. तर्जनी आणि मधलं बोट, या दोन्हींवर टोकापर्यंत पट्टी ओढा, तेवढं चेहरा व मानेला लागतं. वाटाण्याएवढं लावून उपयोग नाही. दर दोन तासांनी पुन्हा. पदराने घाम पुसला की तेही निघून जातं, तेव्हा टिपा, घासू नका. किनाऱ्यावर पाण्यावरून आणि पांढऱ्या वाळूवरून ऊन खालूनही येतं, म्हणून नुसती छत्री पुरत नाही. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. त्यांनी हायड्रोक्विनोन (डाग फिकट करणारं औषध) दिलं तर सांगितलेल्या महिन्यांपुरतंच लावा. वर्षानुवर्षं लावलं तर डाग निळसर-काळे होऊन बसतात.

मान काळी पडलीय, कितीही घासली तरी निघत नाही. — वेंगुर्ले

घासणं थांबवा. मळ नाही तो. हात लावल्यावर मखमलीसारखी जाड लागत असेल, काखेतही असेल, तर उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) तपासा. वजन उतरलं की ती फिकट होते. अंगाने बारीक माणसाला अशी मान अचानक झाली तर डॉक्टरांकडे लगेच जायचं.

मुलीच्या बायोडेटात ‘रंग’ या रकान्यात काय लिहू? ती सावळी आहे. मध्यस्थ म्हणतात ‘निमगोरी’ लिहा. — गुहागर

रकानाच काढून टाका. उंची मोजता येते, शिक्षणाचं प्रमाणपत्र असतं. ‘निमगोरी’ कशाने मोजणार? २०२० साली ‘फेअर अँड लव्हली’ने नावातलं ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातलं, बायोडेट्यात मात्र तो शब्द अजून ठाण मांडून बसलाय.

तरी कुणी रंग विचारलाच, तर एक गोष्ट मुलीला दाखवा. दंडाची आतली बाजू, जिथे ऊन पोहोचत नाही, तो तिचा जन्मजात रंग. चेहरा त्याहून काळवंडला असेल तर ते उन्हाने किंवा एखाद्या त्रासाने, आणि ते बरंचसं कमी होऊ शकतं. त्या रंगाच्याही पलीकडे नेण्याचं वचन देणारी डबी वरच्या दापोलीच्या पत्रातली.

फोटो सकाळी नऊच्या सुमारास, सावलीत उभं राहून, तोंड उजेडाकडे करून काढा. फिल्टर नको. मध्यस्थांना सांगा, ‘फोटो पाठवलाय, बघायला या.’