पाकीट कापू नकोस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाले. पाकिटं अल्बमात मावत नाहीत, म्हणून तिकिटाभोवतीचा चौकोन कापून लावू का, असं विचारतोस. नको. कापू नकोस.

जांभळ्या गरुडाचं ते तीन सेंटांचं अमेरिकन तिकीट ४ जुलै १९४२ ला निघालं आणि अमाप छापलं गेलं. सुटं तिकीट कोण विचारतो? आता शिक्का बघ. मशीनच्या शिक्क्यात गाव-तारखेचं वर्तुळ डावीकडे उठतं आणि 'युद्धरोखे घ्या' (म्हणजे लढाईसाठी सरकारला कर्ज द्या) हे घोषवाक्य उजवीकडे, तिकिटावर. चौकोन कापलास की जाहिरात उरली. गाव आणि तारीख केरात. सगळी गंमत तारखेत आहे, बाबा! १९४१ च्या शिक्क्यांत रोखे 'संरक्षणासाठी' घ्यायचे होते. जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि ते 'युद्धाचे' झाले. तुझ्याकडचं जून १९४५ चं पाकीट रोखे खपवायच्या सातव्या कर्जमोहिमेतलं. जर्मनी शरण गेलेला, जपानशी लढाई चालू, आणि थकलेल्या लोकांपुढे सरकारनं पुन्हा हात पसरलेला. पावणेएकोणीस डॉलरचा रोखा, दहा वर्षांनी पंचवीस मिळणार. तेवढेही नसले तर पोरं दहा-दहा सेंटांची बचत-तिकिटं वहीत चिकटवायची. हे सगळं कापलेल्या चौकोनात कुठे दिसणार?

माझंच सांगतो. वडिलांच्या कचेरीच्या रद्दीत युद्धकाळात अमेरिकेहून मुंबईला आलेली पाकिटं होती, सेन्सॉरनं उघडून पुन्हा चिकटवलेल्या पट्ट्यांसकट. मी ती घंगाळात भिजवली. एक्केचाळीस तिकिटं निघाली, स्वच्छ, सुंदर. कुठल्या गावची, कधीची, काही कळत नाही. अकरा वर्षांचा होतो, तेव्हा सगळे तसंच करायचे, हे खरं. पण एवढं म्हणून सुटका होत नाही.

त्यानंतर मी हट्टी झालो. युद्धप्रचाराची रंगीत व्यंगचित्रं छापलेली पाकिटं मी घेत नाही. त्यातली बरीचशी संग्राहकांनी स्वतःच्याच पत्त्यावर पाठवलेली, आत रिकामी. मला दुकानदाराचं बिल नेलेलं मळकं पाकीट हवं. एका प्रदर्शनात परीक्षक म्हणाले, 'मांडणी कंटाळवाणी आहे.' गुण कापले. कापू देत. मी पाकीट कापलं नाही! तुला हे आढ्यतेचं वाटेल, वाटू दे.

अल्बम लहान असेल तर अल्बम बदल. पीव्हीसीचे कव्हर वापरू नकोस, फाटलेल्या कडेला चिकटपट्टी लावू नकोस. खोक्यात उभी ठेवलीस तरी चालतील.

आणि हो, शेवटच्या फोटोत पाकिटाच्या मागे पेन्सिलीनं बेरीज केलेली दिसते. घाण समजून खोडलीस का? खोडली नसशील तर तशीच राहू दे आणि रविवारी घेऊन ये. भिंग माझ्याकडे आहे.

तुझा,
काका