दहा हजार पावलांचा हिशेब

प्रश्न : माझ्या ६९ वर्षांच्या सासूबाई मनगटावरच्या घड्याळात दहा हजार पावले भरावीत म्हणून रात्री जेवणानंतरही दिवाणखान्यात येरझाऱ्या घालतात आणि आकडा अपुरा राहिला की खट्टू होतात. एवढी पावले खरोखर आवश्यक आहेत का?

उत्तर : नाहीत. हा आकडा रूढ झाला तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचे मापक’, या नावाने विकल्या गेलेल्या उपकरणामुळे. त्यामागे संशोधनापेक्षा विक्रीकौशल्यच अधिक होते. हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ अमेरिकन स्त्रियांच्या कमरेला सात दिवस मापक बांधून, पुढे सरासरी चार वर्षांहून अधिक काळ त्यांची नोंद ठेवण्यात आली. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. ७,५०० च्या आसपास मात्र हा लाभ वाढायचा थांबला. एकूण पावले लक्षात घेतल्यावर चालण्याच्या वेगाने फारसा फरक पडला नाही, हे सावकाश चालणाऱ्यांना सुखावणारे आहे.

अर्थात हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. मुळात प्रकृती ठीक असलेली व्यक्तीच जास्त चालते, ही शक्यता संशोधकांनी गणितात धरली असली तरी ती पूर्णपणे पुसता येत नाही. शिवाय मृत्यू हा एकच निकष येथे तपासला होता. सासूबाईंना येरझाऱ्या आवडत असतील तर त्या खुशाल घालू देत, घड्याळाच्या धाकाने मात्र नको.