आधी इंग्रजी, मग अर्थशास्त्र?

प्रश्न : बारावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकले. आता विद्यापीठात अर्थशास्त्र इंग्रजीतून आहे. वर्गात मुद्दा कळतो, पण पुस्तकाचं एक पान वाचायला तास जातो, कारण प्रत्येक अनोळखी शब्द मी कोशात बघते. लिहायला बसलं की वाक्यच जुळत नाही. वर्षभर इंग्रजी संभाषणाचा क्लास लावून मग अभ्यासाला लागू का?

उत्तर : क्लास लावायचा तर जरूर लावा, पण त्यासाठी अभ्यास थांबवू नका. वर्गात मुद्दा कळतो, हीच तुमची जमेची बाजू. जे अर्थशास्त्र तुम्हाला आधीच समजलंय, त्याच्या आधाराने इंग्रजी शिका.

मी बरीच वर्षं अर्थशास्त्र शिकवते आहे. मुलं 'ऑलिगोपॉली'ला (मोजक्याच विक्रेत्यांच्या हातातल्या बाजाराला) घाबरतात, पण त्याची व्याख्या पुस्तकातच असते. खरी गफलत होते बारक्या शब्दांत. समजा, महागाईचा दर 4 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर गेला. हे 'रोझ टू सिक्स पर्सेंट' असं लिहिता येईल, किंवा 'रोझ बाय टू पर्सेंटेज पॉइंट्स' असं. पण 'रोझ बाय टू पर्सेंट' लिहिलंत तर 4 च्या दोन टक्के, म्हणजे दर 4.08 झाला, असा अर्थ निघतो. 'रोझ टू' आणि 'रोझ बाय' यांत एवढं अंतर आहे. तसंच 'इन्फ्लेशन फेल' (महागाईचा दर घसरला) असं वाचून किमती उतरल्या असं समजू नका. दर 6 वरून 4 वर आला तरी किमती चढतच असतात, फक्त चढण्याचा वेग मंदावतो. वस्तूची किंमत बदलली तर आपण त्याच मागणी वक्रावर (किंमत आणि मागणी यांचं नातं दाखवणाऱ्या रेषेवर) सरकतो, त्याला 'मूव्हमेंट अलाँग द कर्व्ह' म्हणतात. उत्पन्न बदललं तर अख्खा वक्रच सरकतो, तो 'शिफ्ट'. हे वाक्प्रयोग अख्खेच्या अख्खे वहीत उतरवा, सुटे शब्द नकोत.

वाचताना प्रकरणातल्या आकृत्या आणि तक्ते आधी बघा, मजकूर मागाहून. आकृती कळली की निम्मी वाक्यं आपोआप उलगडतात. कोश तर लगेच उघडूच नका. शब्दाखाली रेघ मारा आणि पुढे चला. तोच शब्द पुन्हा पुन्हा आडवा आला, तरच अर्थ बघा. 'अझ्यूम', 'डिराइव्ह', 'व्हेअरअ‍ॅज' हे असे वारंवार भेटणारे शब्द. भाषेच्या अभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली विद्यापीठीय मजकुरातून अशा 570 शब्दकुळांची (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुळ) यादी केली. त्यांनी तपासलेल्या चार शाखांत वाणिज्यही होती, म्हणून ती तुमच्या कामाची आहे. पण पाठ करत बसू नका. वाचनात शब्द भेटला की यादीत खूण करा, बस.

लिहिण्यासाठी रोज एक आलेख घ्या आणि त्यावर चार-पाच इंग्रजी वाक्यं लिहा. काय मोजलंय, कुठल्या काळातलं, किती वाढलं वा घटलं, आणि कशामुळे असावं. शेवटच्या वाक्याला मात्र वेळ द्या. मुलं सर्रास 'कॉजेस' लिहितात. दोन रेषा बरोबरीने वर गेल्या म्हणून एकीमुळे दुसरी वाढली, हे सिद्ध होत नाही. तिथे 'इज असोसिएटेड विथ' किंवा 'मे रिफ्लेक्ट' लिहा. ही सावधगिरी अर्थशास्त्राचाच भाग आहे आणि चांगला परीक्षक ती नेमकी हेरतो. व्याकरणाची एखादी चूक मी सोडून देईन, हे मात्र सोडणार नाही.

राहिलं बोलणं. संभाषणाच्या क्लासने भीड चेपेल, पण तोंडी परीक्षेत मागणीची लवचिकता (किंमत बदलली की मागणी किती बदलते) समजावून सांगायची असते, आणि तो सराव तिथे होणार नाही. वर्गातली एखादी मैत्रीण गाठा. आलेख तिला दिसू द्यायचा नाही, तुम्ही तो बघून इंग्रजीत वर्णन करायचं आणि तिने ऐकून तो कागदावर काढायचा. तिची रेषा चुकली की कुठलं वाक्य फसलं, ते तिथल्या तिथे कळेल.